शशिकलाबाईंची ताटं अंदमानला जातात

भोपाळला बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये शशिकलाबाई खानझोड्यांना नावानं ओळखणारे थोडे. पण "वो थैलीवाली आंटी" म्हटलं की दूधवालासुद्धा बरोबर दार दाखवायचा. थैली निळ्या रेक्झिनची होती, तिची चेन दोनदा बदललेली होती आणि आत होती जेवणाची भांडी. एकात एक बसणारी ताटं, वाट्या, चमचे, दोन पातेली, त्यांच्यावर बसणारी झाकणं आणि उलटी केली की परात म्हणून चालणारी एक थाळी. पातेल्यांचे कान गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये कापून घेतले होते, म्हणजे ती थैलीत अडायची नाहीत. उचलायला सांडशी होतीच.

ही थैली जन्माला आली रामेश्वरच्या प्रवासात. गोपीनाथराव खानझोडे कारखान्यात वाइंडिंग शॉपला होते, आणि पहिली एलटीसी, म्हणजे कारखान्याच्या खर्चानं प्रवासाची रजा, मिळाली तेव्हा मुलगा हेमंत नुकता चालायला लागला होता. धर्मशाळेत भांडी मिळतात असं त्यांना कुणीतरी शॉपमध्ये सांगितलं होतं. ती मिळायचीही. पण त्या दिवशी तिथे लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं आणि धर्मशाळेतला शेवटचा चमचाही वऱ्हाडाकडे गेला होता. बरोबर तांदूळ होते, डाळ होती, वातीचा स्टोव्हही होता. पाण्याच्या गंजात खिचडी झाली. हेमंत गंजाच्या झाकणात जेवला, शशिकलाबाई वर्तमानपत्रावर, आणि गोपीनाथराव दाढीच्या वाडग्यात. त्या खिचडीला साबणाचा वास होता असं गोपीनाथराव पुढे कितीतरी वर्षं सांगत असत. शशिकलाबाई म्हणायच्या, "वास काय घेऊन बसलात, फेस होता."

नागपूरला महालात वाढलेल्या बाईला वर्तमानपत्रावर जेवावं लागलं, हे काही त्या विसरल्या नाहीत. परत आल्या आल्या त्यांनी थैली भरायला घेतली आणि पुढे प्रत्येक प्रवासात ती बरोबर गेली. मग टाउनशिपमध्ये बोभाटा झाला. कारखान्यात एलटीसी सगळ्यांनाच मिळायची आणि धर्मशाळेत फसलेलेही बरेच होते. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी द्वारकेला जाताना थैली मागून नेली, त्यांचं ऐकून पिपलानीतल्या कुणीतरी बद्रीनाथला नेली. शशिकलाबाई कन्याकुमारीला जायच्या आधी त्यांची थैली तिथे जाऊन आली होती. त्या कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. नियम दोनच होते. थैली घासूनपुसून परत आली पाहिजे, आणि तिच्यातल्या भांड्यांत मांस-मच्छी शिजता कामा नये.

हा दुसरा नियमही सगळ्यांनी पाळला. शेजारच्या मालतीबाई पेडणेकरांनीसुद्धा, आणि त्यांच्यासाठी तो सगळ्यात कठीण होता. मालतीबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांचे यजमान विश्वनाथराव ड्रॉइंग ऑफिसला लागले म्हणून त्या भोपाळला आल्या, आणि आल्या त्या दिवसापासून समुद्र विसरायचा प्रयत्न करत होत्या. इथे मिळणारा तलावाचा मासा त्या आणायच्या, खायच्या, आणि दर वेळी म्हणायच्या, "माती लागते हो ह्याला." पुरीला गेल्या तेव्हा त्यांनी हीच थैली नेली होती. तिथे मासे बाहेर पानावर खाल्ले आणि वरण-भात थैलीच्या ताटात.

असे दिवस गेले. गोपीनाथराव रिटायर झाले. हेमंत पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. विश्वनाथराव वारले. मालतीबाईंचा मुलगा करोंदच्या मंडीत धान्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम बघायचा. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीलाच यायचा. दोन्ही घरांना क्वार्टरं सोडावी लागली, पण जवळच्या साध्या कॉलनीत ह्या दोघींनी घरंही भिंतीला भिंत लागूनच घेतली.

एका जानेवारीत मालतीबाई चहा प्यायला आल्या त्या एक बातमी घेऊनच. रिटायर्ड लोकांच्या संघानं पोर्ट ब्लेअरला हॉलिडे होम घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅस. जेवण आपलं आपण करायचं.

"समुद्र खिडकीतून दिसतो म्हणे," मालतीबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा तसाच धरून बसल्या.

गोपीनाथरावांनी पेपर खाली केला. "अंदमानला गाडी जात नाही."

"विमान जातं ना भावजी."

"ज्या मशीनचं झाकण उघडून आत बघता येत नाही, त्यात मी बसत नाही," ते म्हणाले आणि पेपर परत वर गेला. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

शशिकलाबाईंच्या बाजूनं तो तेव्हा सुरू झाला. आयुष्यात नवऱ्याशिवाय त्या नागपूरपलीकडे गेल्या नव्हत्या. रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, त्या विचार करत होत्या आणि सकाळी पोळ्या लाटताना त्यांनी सांगून टाकलं, "मी जाऊन राहिली मालतीवहिनींबरोबर. तुमच्यासाठी आठवडाभराचा चिवडा करून ठेवते."

"चिवड्यावर आठवडा?"

"कुकर लावायला शिका. एवढी मोठमोठी कॉइलं गुंडाळलीत, भात का होत नाही?"

तिकिटं हेमंतनं काढून पाठवली. फोनवर त्यानं आईला नीट समजावलं. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, लहान आपल्याजवळ राहते. लहान बॅग सात किलोच्या आत हवी. तिच्यात सुरी नको, कात्री नको, काहीही धारदार नको.

"भांडी मोठ्या बॅगेत टाक आई. आणि खरं म्हणजे नेऊच नकोस. तिथे सगळं मिळतं."

"सगळं मिळतं असं तुझे बाबाही रामेश्वरला म्हणाले होते."

मोठ्या बॅगेत भांडी टाकायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. कपड्यांची बॅग हरवली तर नेसत्या साडीवर चार दिवस निघतात, धुऊन वाळत टाकता येते. ताट हरवलं तर त्याच दुपारी अडतं. तेव्हा ताटं जवळ, साड्या पोटात. सुरी आणि किसणी तेवढी साड्यांच्या घडीत गेली.

मग वजनाचा प्रश्न आला. घरात काटा नव्हता. शशिकलाबाई थैली घेऊन किराणा दुकानात गेल्या आणि ती सरळ गव्हाच्या काट्यावर ठेवली. थैली आठ किलोच्या वर भरली. दुकानाच्या पायरीवरच त्यांनी ती उघडली. इतकी वर्षं तिच्यात पाच माणसांची भांडी भरलेली होती. आता जेवणाऱ्या दोनच होत्या. तीन ताटं बाहेर आली, तीन वाट्या बाहेर आल्या. मोठं पातेलं बाहेर काढताना जरा हात अडला, पण काढलं. धाकट्या पातेल्यात वाट्या, वाट्यांत चमचे, आणि आवाज होऊ नये म्हणून मध्ये हात पुसायचे पंचे. एका डब्यात भाजणी, एकात मेतकूट, एकात तूरडाळ. काटा साडेसहावर आला तसा दुकानदार म्हणाला, "आंटी, अब आधा किलो शक्कर ले लो, पूरा सात हो जाएगा."

निघायच्या दिवशी गोपीनाथराव टॅक्सीतून विमानतळापर्यंत आले. आत सोडत नाहीत म्हटल्यावर काचेपाशी उभे राहिले. विमान उडेपर्यंत हलणार नाही असं त्यांनी घरीच जाहीर केलं होतं. मोठ्या बॅगा गेल्या. दोघी पर्स आणि थैली घेऊन तपासणीच्या रांगेत लागल्या. मालतीबाईंची पर्स पलीकडून बाहेर आली. थैली मात्र मशीनमध्ये गेली, थांबली, उलटी आली, परत गेली. मशीनवरच्या माणसानं पडद्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी म्हटलं आणि दोघांनी मान वाकडी करून पाहिलं.

"ये नीला बैग किसका है?"

वर्दीतली एक बाई थैली घेऊन टेबलापाशी गेली. शशिकलाबाईही मागे गेल्या. एकेक वस्तू टेबलावर येऊ लागली. ताटं आली, पातेलं आलं, वाट्या आल्या. रांगेतले लोक बघायला लागले. भाजणीचा डबा उघडून त्या बाईनं वास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरून तिला भूक लागली असावी असं वाटलं. शेवटी तिनं तळातून लाटणं काढलं आणि हातात तोललं.

"आंटी, ये बेलन नहीं जाएगा।"

"क्यों? बेलन में धार कहाँ है?"

"मारने के काम आ सकता है।"

"बेलन से कौन मारता है?"

"वो तो आंटी आप ही बताइए," ती बाई म्हणाली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं. शशिकलाबाईंनाही हसू आवरेना. हसता हसता बोलणं निघालं. बरखेडा म्हटल्यावर त्या बाईचे डोळे मोठे झाले. ती आधी कारखान्याच्या गेटवर ड्यूटीला होती, टाउनशिपमध्येच राहत होती. तिनं सांडशी उघडून-मिटून पाहिली, साहेबांना विचारलं आणि ती जाऊ दिली. लाटण्याचं मात्र जमणार नव्हतं. एक तर ते त्या कोपऱ्यातल्या डब्यात टाकायचं, नाहीतर कुणी सोडायला आलं असेल तर त्याच्याकडे द्यायचं.

"आए हैं। बाहर खड़े हैं। जब तक उड़ेगा नहीं, जाएंगे नहीं।"

त्या बाईनं स्वतः शशिकलाबाईंना मागे दारापर्यंत नेलं. दारावरच्या शिपायानं लाटणं घेतलं आणि बाहेर गोपीनाथरावांच्या हातात ठेवलं. गोपीनाथरावांनी ते घेतलं, काचेतून बायकोकडे बघितलं आणि खुणेनं विचारलं, काय झालं? शशिकलाबाईंनी खुणेनं सांगितलं, काही नाही. मग सूट घातलेली, ट्रॉल्या ओढणारी माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली आणि गोपीनाथराव बगलेत लाटणं धरून विमान उडायची वाट बघत उभे राहिले.

विमानात बसल्यावर मालतीबाई म्हणाल्या, "ताई, भावजींचा फोटो काढायला हवा होता."

दिल्लीत विमान बदलून त्या दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरल्या. हॉलिडे होम छान होतं. समुद्र खिडकीतून दिसायचा. त्यासाठी खिडकीतून थोडं वाकावं लागायचं एवढंच. स्वयंपाकघरात गॅस होता, कुकर होता, एक तवा होता. बाकी भांडी एका कपाटात होती आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती ते मुलीच्या बाळंतपणासाठी चेन्नईला गेले होते. केअरटेकर शरमून हे सांगत होता तोवर शशिकलाबाईंनी थैलीची चेन उघडून ताटं ओट्यावर मांडलीसुद्धा होती. हेमंतला फोन करून हे कळवायचा मोह त्यांनी संध्याकाळपर्यंत आवरला. नंतर केलाच.

त्या दिवशी वरण-भात झाला, वर मेतकूट. दोघी खिडकीशी बसून जेवल्या. सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीबाई फिरायला म्हणून गेल्या आणि परत आल्या त्या वयानं दहा वर्षं लहान होऊन.

"ताई! जंगलीघाटला बाजार आहे मासळीचा. सुरमई आलीये. काय सांगू तुम्हाला, अशी लखलखीत! चाळीस वर्षांत अशी पाहिली नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी खायला केळीचं पान आणीन. फक्त शिजवायला तेवढं एक पातेलं..."

शशिकलाबाई डाळ निवडत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "आता नियम सगळ्यांना सारखाच आहे ना वहिनी."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते दुकानदारासारखं वाटलं. पण शब्द तोंडातून गेले होते. मालतीबाई लगेच म्हणाल्या, "हो हो, तेही खरंच," आणि चपला काढायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

दुपारी त्या जवळच्या एका बंगाली खाणावळीत जेवून आल्या.

"कसं होतं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"चांगलं होतं. मोहरी फार घालतात."

दुसऱ्या दिवशीही मालतीबाई दुपारी बाहेरच जेवल्या. शशिकलाबाईंनी मुगाची खिचडी केली, एक ताट वाढून घेतलं आणि खिडकीशी बसल्या. दुसरं ताट ओट्यावर पालथं होतं. खिचडी काही वाईट झाली नव्हती. पण समोर कुणी नसलं की घास किती वेळ चावायचा हेही कळत नाही. एवढ्या लांब येऊन त्या एकट्याच बसून जेवत होत्या. ते तर बरखेड्यातही जमलं असतं.

संध्याकाळी मालतीबाईंचे गुडघे दुखायला लागले. "माझ्या बॅगेत बाम आहे, देता का जरा?" त्या पलंगावरून म्हणाल्या. शशिकलाबाईंनी बॅग उघडली. बाम सापडला, आणि बामशेजारी साडीच्या घडीत एक लहानसा डबा सापडला. झाकण सैल होतं. आत कोकमं होती आणि कागदाच्या पुडीत तिरफळं. घरून आणलेली.

शशिकलाबाईंनी झाकण नीट लावलं, डबा होता तसा ठेवला आणि बाम नेऊन दिला.  तिरफळं वरणात घालत नाहीत, माशाला लागतात, एवढं त्यांना कळत होतं. ही बाई मनात काहीतरी धरून आली होती आणि एका वाक्यावर गप्प बसली होती.

अशी ती गप्प बसायची हे त्यांना ठाऊक होतं. क्वार्टरमध्ये मालतीबाई मासे तळायच्या तेव्हा आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या, अगदी मे महिन्यातसुद्धा, शेजारी वास जाऊ नये म्हणून. वास यायचाच. मग शशिकलाबाई आपली खिडकी हळूच लावायच्या, कडीचा आवाज न होऊ देता, म्हणजे मालतीबाईंना कळून वाईट वाटायला नको. इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी उकडत बसल्या होत्या आणि एकीनंही दुसरीला ते सांगितलं नव्हतं.

सकाळी मालतीबाई आंघोळीला गेल्या तेव्हा शशिकलाबाईंनी पिशवी उचलली आणि केअरटेकरला विचारून जंगलीघाटची वाट धरली.

मासळीबाजारात त्या जन्मात गेल्या नव्हत्या. पदर नाकाला लावला, मग तो डोळ्यांनाही लावावासा वाटला. खाली सगळं ओलं. दोन्ही बाजूंना मासे, लहान, मोठे, लाल, चंदेरी, आणि सगळे डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघतायत असं वाटत होतं. एका टोपलीमागे एक जाडजूड बाई बसली होती. तिचा चेहरा त्यांना जरा बरा वाटला.

"सुरमई है?"

बाईनं एक मासा उचलून दाखवला. तो शशिकलाबाईंच्या हाताएवढा लांब होता.

"इतना नहीं। एक जन के लिए। अच्छावाला। मुझे कुछ समझता नहीं, आप ही देख के दो।"

बाई हसली. "खुद नहीं खाते?"

"मैं नहीं। मेरी सहेली।"

"सहेली के लिए मच्छी लेने आई?" बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग टोपलीत हात घालून एक धाकटी सुरमई निवडली. "काट दूँ?"

"हाँ। और सर निकाल दो। वो देख रहा है मेरे को।"

कोयत्याचा आवाज झाला तेव्हा शशिकलाबाई समुद्राकडे बघत होत्या. परत येताना पिशवी त्यांनी हात लांब करून धरली होती, आणि पावलागणिक ती पिंढरीला लागत होती. वाटेत नारळही घेतला. माशात नारळ लागतो एवढं त्यांना शेजारच्या पुण्याईनं माहीत होतं.

मालतीबाई केस पुसत बाहेर आल्या तर ओट्यावर काळ्या पिशवीत काहीतरी होतं, शेजारी नारळ होता, आणि थैलीतलं धाकटं पातेलं झाकण काढून ठेवलेलं होतं. शशिकलाबाई दारात उभ्या होत्या, तोंड बाहेर करून.

मालतीबाईंनी पिशवीत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ताई, हे..."

"सुरमईच आहे का ते आधी बघा. मला काय कळतं."

"सुरमईच आहे. पण पातेलं..."

"घासता येतं ना? मग झालं."

"आणि नियम?"

"माझाच होता, मी मोडला. आता उभ्या काय राहिल्या? तो तुमचा कोकमाचा डबा काढा. बामाबरोबर दिसला मला."

मालतीबाईंनी डोळ्यांना टॉवेल लावला. केसच पुसत होत्या, त्यामुळे ते खपून गेलं. मग त्यांनी तुकडे धुवायला घेतले, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून किंचाळल्या, "डोकं कुठाय?"

"कुणाचं?"

"सुरमईचं! डोकं कुठाय हिचं?"

"तिथेच टाकायला सांगितलं मी. बघत होतं माझ्याकडे."

"अहो, आमटीला चव डोक्याचीच असते!" मालतीबाई कपाळाला हात लावून स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की केअरटेकर डोकावून गेला. शशिकलाबाई आधी जरा रागावल्या, एवढं करून वर हसणं ऐकून घ्यायचं म्हणून, आणि मग त्यांनाही हसू फुटलं.

नारळ शशिकलाबाईंनी खवला, चमच्याच्या कडेनं, कारण किसणीला मालतीबाईंचा माशाचा हात लागला होता. दूध हातानं पिळून काढलं. मालतीबाईंनी कोकमं भिजवली, तिरफळं ठेचली, तिखट घातलं, आणि आमटीला उकळी आली तेव्हा शशिकलाबाई खिडकीतून वाकून समुद्र बघायला गेल्या. वास त्यांना आवडला असं काही झालं नाही. उगाच कशाला खोटं सांगायचं. पण खिडकी सताड उघडी होती, समुद्रावरून वारा येत होता, आणि सगळ्या गावालाच हा वास होता, तेव्हा त्यात एका पातेल्याची काय भर.

शशिकलाबाईंनी आपल्यासाठी वरण कुकरच्या डब्यात लावलं होतं. दोघी जेवायला बसल्या. मालतीबाई केळीचं पान आणायला उठल्या तशा शशिकलाबाईंनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं.

"ताटात घे."

मालतीबाई थबकल्या. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींना कायम तुम्ही म्हणत आल्या होत्या.

"घे गं. गार होऊन राहिलं."

मालतीबाईंनी भात कालवला, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. शशिकलाबाई बघत होत्या. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशा बसल्या होत्या, आणि ह्यात आपली परीक्षा कसली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"माती लागते का?" त्यांनी विचारलं.

मालतीबाईंनी नाही अशी मान हलवली. तोंडात घास होता. दुसरा, तिसरा घास झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आई जेवायला बसली की आम्हाला आधी काटे काढून द्यायची. मग स्वतः खायची. ह्या सुरमईला मधला एक काटा सोडला तर काटेच नाहीत. लहानपणी सुरमई असली की आई आमच्याबरोबरच जेवायची, म्हणून मला सुरमई आवडायची." एवढं बोलून त्या परत जेवायला लागल्या. शशिकलाबाईंनी त्यांना अजून भात वाढला.

उरलेल्या दिवसांत मासा आणखी दोनदा झाला. एकदा दोघी मिळून बाजारात गेल्या. त्या जाड कोळणीनं लांबूनच हाक मारली, "सहेली को ले आई?" आणि डोकं न मागता पिशवीत घातलं. पोळ्या काचेच्या बाटलीनं लाटल्या. त्या अंदमानच्या नकाशासारख्या झाल्या, लांबट आणि तुटक. दोघींनी नावेतून एक बेट बघितलं, पाण्याखालचं प्रवाळ बघितलं. मालतीबाई गुडघ्यापर्यंत साडी खोचून पाण्यात उतरल्या आणि शशिकलाबाईंना हात धरून ओढून घेऊन गेल्या. शशिकलाबाईंनी समुद्राचं पाणी चाखून बघितलं आणि भाजीला मीठ जास्त झाल्यासारखं तोंड केलं.

निघायच्या आदल्या दिवशी शशिकलाबाईंनी पातेलं आणि ताटं आधी राखेनं घासली, मग चिंचेनं, मग परत एकदा राखेनं. मालतीबाई मदतीला आल्या तर त्यांना बसवून ठेवलं. घासून झाल्यावर पातेलं नाकाशी नेलं, बराच वेळ हुंगलं, मग मालतीबाईंच्या नाकाशी नेलं.

"येतो का वास?"

"मला कसा येणार ताई? मला तो वास वासच वाटत नाही."

भोपाळला उतरल्या तेव्हा गोपीनाथराव टॅक्सी घेऊन आलेले होते. ते जरा वाळल्यासारखे दिसत होते. कुकर लावायला शिकले होते, पण शिट्ट्या मोजताना मध्येच पेपर वाचायचे, त्यामुळे रोज भाताची पेज व्हायची, असं त्यांनी बॅगा ठेवता ठेवताच सांगून टाकलं. शशिकलाबाई त्यांच्याशेजारी बसल्या, मालतीबाई पुढे ड्रायव्हरच्या बाजूला.

गाडी विमानतळाच्या बाहेर पडली. गोपीनाथरावांनी खिडकीकडे बघत बघत विचारलं, "मग? काय काय जेवलात तिकडे?"

"वरण-भात. खिचडी. थालीपीठ. मासा."

गोपीनाथरावांची मान हळूहळू खिडकीकडून बायकोकडे वळली. "मासा?"

"मी नाही खाल्ला," शशिकलाबाई म्हणाल्या. "मी नुसता आणला."

"कशात केला?"

"पातेल्यात. मासा काय उन्हात शिजतो?"

 लालघाटीचा चौक मागे पडला. गोपीनाथराव विचार करताना करायचे तसं त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि पुढच्या सीटकडे जरासे वाकले.

"मालतीवहिनी, जमला होता का मग?"

"भावजी," मालतीबाई पूर्ण मागे वळून बसल्या, "पहिला मासा आणला तेव्हा हिनं काय केलं सांगते," आणि त्यांनी बाजारापासून सुरुवात केली. डोक्यापर्यंत आल्या तेव्हा टॅक्सीवाल्यानं गाडीचा वेग कमी केला होता, कारण त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.